आठ विसा

जिंतूरला, पंचायत समितीच्या हॉलमध्ये,
सतरंजीवर आम्ही बावीसजणी
आणि मधोमध एक रबरी बाहुली,
एका डोळ्याची.
ताहेरा सिस्टर म्हणाल्या, हिला झटका आलाय.
कोण येतं?

कोणी उठेना. कुणीतरी फिसकन हसलं.
मग भोगावच्या चंद्रभागाबाई उठल्या,
पायातली चप्पल काढली
अन् नेली थेट बाहुलीच्या नाकाशी.
सगळा हॉल खिदळला.
मी नाही हसले.

माझ्या हातात अजून आहे तो चमचा,
खिचडी वाढायचा, ॲल्युमिनियमचा.
दोन वर्षं झाली.
मुंजा ताठ झालेला माझ्या पुढ्यात
अन् मी त्याचे दात उचकटत होते
गंजक्या डब्याचं झाकण उचकटावं तसे.
एक तुटला. दुधाचा होता.
त्याची आई म्हणाली, बाई, जीव वाचवलास लेकराचा.
माझे दोन्ही हात धरले तिनं.
दात मी तिला दिला नाही.
खडूच्या डबीत आहे, कपाटात, रजिस्टरांच्या मागं.

गावाचं म्हणणं सरळ:
नवसाचं पोर, नाव ठेवलं मुंजाजी,
मग पिंपळावरचा तो
नावाच्या मागं मागं येणारच की.

सिस्टर नावाचं काही बोलल्या नाहीत.
तोंडात काही नाही, म्हणाल्या.
चमचा नाही, कांदा नाही, पाणी नाही, बोट तर नाहीच.
दाबून धरायचं नाही.
कुशीवर वळवा. डोक्याखाली काही मऊ.
घड्याळ बघा.
पाच मिनिटांच्या वर गेलं की एकशे आठ.
मी विचारलं, मग आपण करायचं काय?
एवढंच. जवळ बसायचं.

(दुपारनंतर शुगरच्या लेकरांचं झालं.
ज्याला साखरेचा आजार
त्यालाच घाम फुटला की साखर द्यायची,
हे चंद्रभागाबाईंच्या डोक्यात
शेवटच्या चहापर्यंत बसलं नाही.
जाताना मात्र दोन पुड्या मागून घेतल्या,
कमरेला खोचल्या.)

मंगळवारी आला.
खिचडीला वाफ धरलेली,
मुंजा भिंतीवरच्या घुबडाकडं बघता बघता थांबला,
तसाच आडवा.
गयाबाई कांद्याला धावल्या.
गयाबाई, कांदा नको. चुंबळ द्या तुमची.
त्यांनी डोक्यावरची चुंबळ सोडली, घडी केली,
मी त्याच्या डोक्याखाली सरकवली.
वळवला. बटण काढलं गळ्याचं.
अन् वर बघितलं तर
घड्याळ कधीचं सव्वाचारलाच थांबलेलं,
मोबाईलवर ट्रॅकरचं चाक गरागरा फिरतंय,
कशालाच हात लावू देईना.

लेकरांनो, आकडे म्हणा. मोठ्यानं. सावकाश.

एक, दोन.
त्यांना विसापर्यंतच येतात.
वीस झाले की माझ्याकडं बघायची.
परत एकपासून, म्हटलं.
झोया बोटं मोडत पुढं, बाकीची मागं,
अन् माझे हात मांडीवर, रिकामे,
उचकटायला काही नाही.
असले जड हात मी कधी बाळगले नव्हते.

आठव्या विसात, चौदावर,
त्याची मूठ सुटली.
लेकरं थांबली नाहीत.
थांबा म्हणायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही,
नववी वीस, दहावी वीस,
खिचडी खाली लागल्याचा वास येईपर्यंत.

चड्डी ओली झाली होती.
गयाबाईंनी पोरांकडं पाठ केली, पदराचा आडोसा धरला
अन् दुसरी चढवली, न बोलता.
हे जिंतूरला कुणी शिकवलं नव्हतं.

आई शेतातून आली. किती वेळ व्हता, बाई?
आठ विसा, म्हटलं.
मिनिटं सांगितली असती तर नुसती मान हलवली असती तिनं.
आता ती दारातच बसली,
ओठ हलवत, बोटांची पेरं धरत,
स्वतः मोजून बघायला लागली
आपलं लेकरू कितीवेळ नव्हतं ते.

ट्रॅकरमध्ये वजन आहे, उंची आहे, दंडघेर आहे,
याला रकाना नाही.
रजिस्टरात शेऱ्यापाशी लिहिलं, आठ विसा.
कपाट बंद करताना डबी खुळखुळली.
ती अजून नाही दिली.